गर्भाची गोठवण : दोन रीतींची तुलना

बीं राखण्याची कला आपल्या शेतकरी वर्गास नवीन नाहीं. पुढील सालचें बीं निवडून तें उन्हांत खडखडीत वाळवावें, राखेंत अगर कडुलिंबाच्या पाल्यांत मिसळून कणगींत किंवा मडक्यांत भरावें, व तोंड शेणमातीनें लिंपून टाकावें, ही रीत घरोघरीं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बीं टिकतें याचें खरें कारण त्यांतील पाणी निघून गेलेलें असतें हें होय. ओल राहिली कीं बीं बिघडलेंच. गुराढोरांचें बीं राखूं म्हटलें तरी अडचण पाण्याचीच. पण तेथें ती अधिक बिकट होते. गाईच्या पोटांतील कोवळा गर्भ हा पाण्यानें भरलेला जीव होय. तो उन्हांत वाळवितां येत नाहीं, आणि तसाच गोठवावा तर आंतील पाण्याचें बर्फ होऊन तो मरतो. शास्त्रज्ञांनीं ही अडचण दोन निरनिराळ्या वाटांनीं सोडविली आहे. त्या वाटा कोणत्या, त्यांचे गुणदोष काय, आणि दावणीला गाय बांधणाऱ्या गृहस्थानें कोणत्या प्रसंगीं कोणती पत्करावी, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आतांच हातीं घेण्यास कारण आहे. सन २०१४ च्या अखेरीस केंद्र सरकारनें राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केल्यापासून भ्रूण-प्रत्यारोपण हा शब्द खेडोपाडीं ऐकूं येऊं लागला आहे, व गोठविलेला गर्भ घेऊन आपल्या गाईच्या पोटांत ठेववावा कीं काय, असें आमचे सभासद आम्हांस विचारतात. "नव्या रीतीनें गोठविलेला आहे" एवढ्या शब्दांवर भाळून पैसे मोजणें शहाणपणाचें नाहीं. गर्भ धरला नाहीं तर त्याची किंमत तर जातेच. शिवाय गाईचा एक माज, म्हणजे एकवीस दिवस, फुकट जातो, आणि रिकाम्या गाईची वैरण कांहीं थांबत नाहीं.

गर्भ कसा मिळतो व तो गोठवावयाचा कशासाठीं

गाय माजावर येऊन गेल्यावर सातव्या दिवशीं तिच्या गर्भाशयांत जो गर्भ असतो तो सुमारें एक षष्ठांश मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असतो. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास स्वच्छ वेष्टणांत पेशींचा एक घोस दिसतो. या वयांत तो गर्भाशयास चिकटलेला नसतो, म्हणूनच तो काढून दुसऱ्या गाईच्या गर्भाशयांत ठेवितां येतो. असे गर्भ दोन प्रकारांनीं मिळतात. चांगल्या गाईस औषधें टोचून एकाच माजांत अनेक बीजें सुटतील असें करावयाचें, तिला फळवावयाची, व सातव्या दिवशीं गर्भाशय धुवून गर्भ काढून घ्यावयाचे, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारांत गाईच्या अंडाशयांतून अपक्व बीजें सुईनें ओढून घेतात, प्रयोगशाळेंत पक्व करितात, तेथेंच त्यांचा रेताशीं संयोग घडवितात, व सुमारें सात दिवस गर्भ तेथेंच वाढवितात. पहिल्यास आपण पोटचा गर्भ म्हणूं व दुसऱ्यास प्रयोगशाळेंतील गर्भ म्हणूं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील पुष्कळशी तुलना त्यावरच अवलंबून आहे.

एका खेपेस गर्भाशय धुतलें असतां कधीं एकही चांगला गर्भ मिळत नाहीं, तर कधीं दहाही मिळतात. ज्या गाईच्या पोटांत गर्भ ठेवावयाचा तीही त्याच सुमारास, फार तर एका दिवसाच्या अंतरानें, माजावर येऊन गेलेली असली पाहिजे. कारण सात दिवसांचा गर्भ सात दिवसांच्याच गर्भाशयांत रुजतो. दहा गर्भांस अशा दहा गाई एकाच दिवशीं कोठून आणावयाच्या? अशा गाई तयार असतील तर गर्भ ताजाच ठेवावा, यासारखें उत्तम नाहीं. त्या नसल्या तर मात्र गर्भ गोठवून ठेवावा लागतो. मग गाय सवडीनें माजावर आली तरी चालतें; गर्भ तिची वाट पाहत राहतो.

पाण्याचा प्रश्न

पेशींतील पाणी गोठलें कीं त्याचे अणकुचीदार स्फटिक होतात, व ते पेशीची नाजूक घडण आंतून मोडून टाकितात. यावर पहिला उपाय सांपडला तो कांहींसा योगायोगानें. सन १९४९ मध्यें लंडन शहरांतील मिल हिल येथील संशोधनसंस्थेंत पोल्ज, ऑड्रे स्मिथ व पार्क्स हे तिघे कोंबड्याचें रेत गोठविण्याचा प्रयत्न करीत होते. साखरेच्या द्रावणांत त्यांस यश येईना. पण एकदां शीतगृहांत ठेवलेल्या बाटलींतील द्रावण वापरतांच रेत जिवंत राहिलें. त्या बाटलीची तपासणी केल्यावर तींत साखर नसून ग्लिसरीन असल्याचें निघालें; बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आज गांवोगांवीं कृत्रिम रेतनासाठीं येणारी कांडी ही त्याच शोधाची संतति होय.

रेताचा प्रश्न सुटला, तरी गर्भाचा सुटण्यास आणखी सुमारें तेवीस वर्षें लागलीं. याचें एक मोठें कारण आकाराचें आहे. रेतकण अत्यंत सूक्ष्म. त्यांतून पाणी झटकन् बाहेर पडतें. गर्भांतील पेशी त्या मानानें अवाढव्य, व त्यांतून पाणी निघण्यास वेळ लागतो. तो वेळ दिला नाहीं तर पाणी आंतच गोठतें.

संथ रीत

हा वेळ देणें, हेंच पहिल्या रीतीचें मर्म होय. सन १९७२ मध्यें अमेरिकेंतील ओक रिज येथील प्रयोगशाळेंत व्हिटिंगहॅम, लायबो व माझुर यांनीं उंदराचे गर्भ मिनिटास ०.३ ते २ अंश इतक्या संथ गतीनें थंड करून शून्याखालीं १९६ अंशांपर्यंत, कांहीं तर २६९ अंशांपर्यंत नेले, व वितळविल्यानंतर त्यांपासून जिवंत पिलें मिळविलीं. पुढच्याच वर्षीं, १९७३ सालीं, केंब्रिज येथें विल्मट व रोसन यांस गोठविलेल्या गर्भापासून गाईचें पहिलें वासरूं मिळालें. त्याचें नांव फ्रॉस्टी असें ठेविलें होतें. हेच विल्मट पुढें डॉली मेंढीमुळें जगास माहीत झाले.

हल्लीं ही रीत अशी चालते. गर्भ प्रथम सुमारें दहा टक्के ग्लिसरीन किंवा तितपतच इथिलीन ग्लायकॉल असलेल्या द्रावणांत ठेवितात. हें रक्षक द्रव्य पेशींत शिरतें व पाण्याची जागा कांहीं अंशीं घेतें. मग गर्भ पाव मिलिलिटरच्या कांडींत भरून यंत्रांत ठेवितात. शून्याखालीं सहा-सात अंशांवर कांडीच्या एका टोंकास अतिथंड चिमट्यानें स्पर्श करितात, त्यासरशीं बाहेरील द्रावणांत बर्फाची सुरुवात होते. खडीसाखर करतांना पाकांत दोरा सोडतात, व दाणा त्या दोऱ्यावर धरतो. तसाच हा प्रकार आहे. बर्फ गर्भाबाहेर धरूं लागलें कीं उरलेलें द्रावण दाट होत जातें, व तें गर्भांतील पाणी हळूहळू ओढून घेतें. मिनिटास सुमारें अर्धा अंश या गतीनें शून्याखालीं बत्तीस-पस्तीस अंशांपर्यंत आणल्यावर कांडी द्रवरूप नत्रवायूंत, म्हणजे लिक्विड नायट्रोजनमध्यें, बुडवितात. तेथें थंडी शून्याखालीं १९६ अंश. थंड करण्याच्या एवढ्या टप्प्यासच जवळजवळ एक तास लागतो. म्हणजे बीं वाळविण्याचेंच हें काम. फक्त येथें ऊन नसून थंडी पाणी शोषून घेते.

आरंभीं या रीतींत एक मोठी अडचण होती. वितळविल्यावर ग्लिसरीन टप्प्याटप्प्यानें धुवून काढावें लागे. त्यास सूक्ष्मदर्शक व हातखंडा तज्ज्ञ गोठ्यापर्यंत न्यावा लागे. सन १९९२ मध्यें व्होल्केल व हू यांनीं दाखवून दिलें कीं, ग्लिसरीनऐवजीं इथिलीन ग्लायकॉल वापरल्यास हें धुणें टाळतां येतें. त्याचे कण लहान असल्यामुळें तें पेशींतून चटकन् बाहेर पडतें, व गाईच्या गर्भाशयांतच आपोआप धुतलें जातें. तेव्हांपासून अशी कांडी कांहीं सेकंद हवेंत धरून, मग कोमट पाण्यांत वितळवून, थेट गाईस भरतां येऊं लागली. कृत्रिम रेतनाचा हात चांगला बसलेला व गर्भ ठेवण्याचें वेगळें शिक्षण घेतलेला मनुष्य असला म्हणजे काम भागतें.

कांचीकरणाची रीत

दुसऱ्या रीतीचा विचार अगदीं वेगळा आहे. बर्फ होऊंच द्यावयाचें नाहीं, हा तिचा बाणा. आपल्या स्वयंपाकघरांतील उदाहरण घेतां येईल. पाक संथपणें निवूं दिला तर त्याचे दाणे धरतात व खडीसाखर होते. तोच पाक आटवून घट्ट केला व एकदम थंड केला, तर दाणा धरण्यास अवसरच मिळत नाहीं, आणि कांचेसारखी पारदर्शक गोळी तयार होते. पाण्याचेंही तसेंच. द्रावण पुरेसें दाट असेल व तें अत्यंत वेगानें थंड केलें, तर त्याचें बर्फ न होतां कांच होते. कांचेंत स्फटिक नसतात, म्हणून पेशीस इजा होत नाहीं.

ही कल्पना लुयेट या शास्त्रज्ञानें १९४० पूर्वींच मांडली होती. पण गर्भावर ती यशस्वी झाली ती १९८५ सालीं. त्या वर्षीं राल व फाही यांनीं उंदराचे गर्भ बर्फाविना गोठवून पुन्हां जिवंत केले. पुढें १९९८ मध्यें वाज्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांडी तापवून, ओढून बारीक केली, व तींत गर्भ घेऊन ती सरळ नत्रवायूंत बुडविली. त्यामुळें थंड होण्याचा वेग मिनिटास वीस हजार अंशांच्या वर गेला. अर्थात् ही थंडी सेकंदाच्या कांहीं अंशांतच पुरी होते. यंत्र नको, कीं तासभर वाट पाहणें नको.

मात्र या रीतीची किंमत दुसऱ्या ठिकाणीं द्यावी लागते. संथ रीतींत रक्षक द्रव्य शेंकडा दहाच्या आसपास असतें. येथें तें शेंकडा तीस ते चाळीसपर्यंत न्यावें लागतें. इतकें दाट द्रव्य गर्भास विषासारखेंच. म्हणून शेवटच्या द्रावणांत गर्भ अर्धें मिनिट ते एक मिनिट, एवढाच वेळ ठेवावयाचा असतो. तितक्यांत तो उचलून, अगदीं सूक्ष्म थेंबांत घेऊन, बुडवावा लागतो. हात रेंगाळला तर गर्भ विषानें मरतो. घाई झाली तर द्रव्य आंत पुरतें शिरत नाहीं, व बर्फ होतें. वितळवितांनाही तीच कसोटी आहे. सावकाश ऊब दिल्यास कांचेंत वाटेंतच बर्फाचे दाणे धरतात. म्हणून गर्भ एकदम ऊन द्रावणांत सोडावा लागतो, व नंतर साखरेच्या उतरत्या प्रमाणाच्या द्रावणांतून, सूक्ष्मदर्शकाखालीं, धुवून काढावा लागतो. हें सर्व कांडींतच उरकण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. पण संथ रीतीच्या थेट कांडीइतक्या त्या अद्यापि सर्वत्र रुळलेल्या नाहींत.

आणखी एक गोष्ट. अत्यंत वेग साधण्यासाठीं यांतील कित्येक साधनें उघडीं ठेवितात, व गर्भाचा नत्रवायूशीं प्रत्यक्ष स्पर्श होतो. नत्रवायूंत रोगाचे विषाणू मुद्दाम मिसळून केलेल्या प्रयोगांत ते उघड्या साधनांतील गर्भांस लागलेले, व बंद कांड्यांतील गर्भ त्यांपासून सुरक्षित राहिलेले आढळले आहेत. तेव्हां उघड्या साधनाच्या बाबतींत नत्रवायूच्या स्वच्छतेची चौकशी करणें अगत्याचें आहे.

तुलना

आतां सरस कोणती? पोटच्या गर्भाच्या बाबतींत दोन्ही रीतींचें फळ जवळपास सारखेंच येतें. चांगल्या कळपांत ताजे गर्भ ठेवले तर शंभरांपैकीं साधारण साठ गाई गाभण राहतात, व गोठविलेल्यांत हें प्रमाण सुमारें दहांनीं उतरतें, असा ढोबळ हिशेब धरण्यास हरकत नाहीं. अशा गर्भास कांचीकरणाचा विशेष लाभ नाहीं. उलट गोठ्यांतील काम मात्र वाढतें.

प्रयोगशाळेंतील गर्भाची गोष्ट निराळी आहे. बाहेर वाढल्यामुळें त्याच्या पेशींत चरबीचे थेंब अधिक सांठतात, व तो थंडीस नाजूक होतो. संथ रीतीच्या दीर्घ थंडींत त्याची हानि अधिक होते. कांचीकरणांत ती धोक्याची पायरी क्षणांत ओलांडली जात असल्यानें तो अधिक टिकतो. चरबीचा हा अडथळा किती मोठा आहे हें डुकराच्या गर्भावरून कळून आलें. डुकराचा गर्भ चरबीनें काळसर दिसतो, व नुसत्या गारव्यानेंही मरतो. नागाशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ मध्यें ती चरबी काढून घेतली, तेव्हां तेच गर्भ गोठवणींत टिकले. म्हशीचा गर्भही गाईच्या गर्भाहून चरबीनें गडद असतो, हें म्हशी पाळणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें.

कोणी म्हणेल, माणसांच्या इस्पितळांतून संथ रीत बहुतेक मागें पडली असून कांचीकरणच रूढ झालें आहे. मग गाईंसच जुनी रीत कां? याचें उत्तर अंतरांत आहे. इस्पितळांत गर्भ, सूक्ष्मदर्शक, तज्ज्ञ व माता हीं सर्व एकाच इमारतींत असतात. आपल्याकडे प्रयोगशाळा एका जिल्ह्यांत व गोठा दुसऱ्या जिल्ह्यांत, मध्यें चिखलाचा रस्ता. जी रीत प्रयोगशाळेंत दोन पावलें पुढें, ती गोठ्यांत चार पावलें मागें पडूं शकते. म्हणून आमचा अभिप्राय असा : पोटचा गर्भ असेल, व गोठा प्रयोगशाळेपासून दूर असेल, तर संथ रीतीची, इथिलीन ग्लायकॉलची थेट कांडी घ्यावी. गर्भ प्रयोगशाळेंतील असेल, व तो वितळवून धुणारा कसबी मनुष्य साधनांसह गोठ्यापर्यंत येत असेल, तर कांचीकरण पत्करावें. तसा मनुष्य येत नसेल, तर कांचीकरण केलेला गर्भ कितीही उत्तम असला तरी घेऊं नये.

हा खटाटोप कशासाठीं

गर्भाची गोठवण एवढ्या यातायातीची, मग रेताची कांडी आहेच कीं, असें कित्येकांस वाटेल. येथें थोडें गणित करून पाहूं. समजा, एखाद्या भागांतून देवणी किंवा लाल कंधारी गाय नामशेष झाली, व मागें फक्त तिच्या वळूचें रेत राहिलें. तें दुसऱ्या जातीच्या गाईस भरलें तर वासरांत देवणीचें रक्त अर्धें. त्या कालवडीस पुन्हां तेंच बीज दिलें तर पाऊण. मग सात अष्टमांश. मग पंधरा षोडशांश. आणि पांचव्या पिढींत एकतीस बत्तिसांश. एका पिढीस चार वर्षें धरलीं तर वीस वर्षें जातात, आणि तरीही रक्त पूर्ण होत नाहीं. गर्भांत मात्र आईबापांचा सगळा वारसा असतो. तो गोठवून ठेविला असेल तर कोणत्याही निरोगी गाईच्या पोटीं, सव्वा नऊ महिन्यांच्या आंतबाहेर, अस्सल देवणी वासरूं जन्मास येतें. ज्या गाईच्या पोटीं तें वाढतें तिचें रक्त त्यांत उतरत नाहीं. खिल्लार, डांगी, गवळाऊ, आणि पंढरपुरी म्हैस, या आपल्या मुलखांतील जातींच्या रक्षणाचा खात्रीचा सांठा करावयाचा तर तो रेताच्या जोडीनें गर्भाचाही असला पाहिजे.

येथें एक इशारा देणें प्राप्त आहे. गोठवण गर्भास सुधारीत नाहीं. ती आहे तें तसेंच राखते. आई कमी दुधाची असेल, किंवा तिच्यांत एखादा आनुवंशिक दोष असेल, तर तोही तितक्याच निष्ठेनें राखला जातो. खळ्यांत हलकें बीं निवडलें तर कणगी कितीही चांगली असून उपयोग काय?

व्यवहाराच्या कांहीं गोष्टी

शून्याखालीं १९६ अंशांवर जिवाचे सर्व व्यापार थांबलेले असतात. म्हणून गर्भ किती वर्षें ठेविला यापेक्षां भांड्यांतील नत्रवायूची पातळी कधीं उतरली होती काय, हें विचारणें महत्त्वाचें. नत्रवायु उघड्या डोळ्यांस न कळत रोज थोडथोडा उडून जातो. भांडें एकदां कोरडें पडलें कीं आंतील गर्भ गेले. मागाहून पुन्हां भरलें तरी ते उठत नाहींत, आणि कांडीकडे नुसतें पाहून तें ओळखतां येत नाहीं. म्हणून पातळीची नोंदवही ठेवणाऱ्या ठिकाणाहूनच गर्भ घ्यावा. कांडी शोधतांना ती भांड्याच्या गळ्याशीं वर धरून गप्पा मारीत बसूं नये. तेवढ्या उबेनेंही नाश होतो, आणि कांचीकरण केलेल्या सूक्ष्म थेंबास तर क्षणाचाही अवधि पुरे. नत्रवायूचें भांडें बंद खोलींत किंवा काचा लावलेल्या मोटारींत ठेवूं नये. द्रवाचा वायु झाला म्हणजे तो सुमारें सातशेंपट पसरतो, श्वासाची हवा हटवितो, व मनुष्य वास न येतां बेशुद्ध पडतो.

पैसे देण्यापूर्वीं विचारावें : गर्भ पोटचा कीं प्रयोगशाळेंतील? कोणत्या रीतीनें गोठविला, कोणत्या द्रव्यांत? आईबापांची दुधाची व रोगतपासणीची नोंद आहे काय? वितळविणार कोण, आणि या रीतीनें त्यानें गाभण केलेल्या गाई पाहावयास मिळतील काय? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें न देणारा मनुष्य रीत नवी सांगो कीं जुनी, त्याच्यापासून दूर राहावें.

शेवटीं, गाय. माजाची तारीख चुकली, गाय रोडावलेली असली, किंवा गर्भाशयांत विकार असला, तर कोणतीही रीत तारूं शकत नाहीं. गर्भ ठेवण्यापूर्वीं दोन-तीन माज लिहून ठेवावे, दोन महिने आधींपासून पोटभर वैरण व खनिज मिश्रण द्यावें, आणि सातव्या दिवशीं पशुवैद्याकडून तपासून, गाय योग्य ठरली तरच कांडी वितळवावी. न ठरली तर कांडी भांड्यांतच राहूं द्यावी. ती तेथें बिघडत नाहीं. पुढचा माज एकवीस दिवसांनीं येतोच.